विहिरीतून निघालेला पिवळा दगड

आमच्या दिग्रसकडच्या वावरात विहिरीचं काम चालू आहे, मुरूम संपून काळा पाषाण लागला आणि सुरुंगाच्या मलब्यात पिवळसर, आरपार दिसणारा दगड निघाला. कोणी म्हणे स्फटिक, कोणी म्हणे पुष्कराज, शेजारचे काका तर म्हणाले, "बाप्पा, हिरा असन तं? कोनाले सांगू नको." व्हॉट्सॲपवर फोटो टाकला तर जेवढी माणसं तेवढी नावं. रंगावरून दगड ओळखायच्या भानगडीत पडूच नये, एकच खनिज कितीतरी रंगांत सापडतं.

आधी कठीणपणा बघा. १८१२ मध्ये फ्रेडरिक मोह्स यांनी १ ते १० अशी पट्टी ठरवली, मोठ्या आकड्याचं लहान आकड्याच्यावर ओरखडा काढतं, त्यात नख अडीचच्या आसपास, काच साडेपाच, गारगोटी (स्फटिकही तीच) ७, पुष्कराज ८, हिरा १०. आमच्या दगडावर नखाने काही झालं नाही पण विळ्याच्या टोकाने लगेच ओरखडा, आणि काचेवर घासला तर काच जशीच्या तशी, म्हणजे तिघंही बाद.

खरी मजा फुटलेल्या तुकड्यांत होती. गारगोटी वेडीवाकडी फुटते, हा मात्र दरवेळी सपाट फुटायचा, तिरक्या दाबलेल्या काडेपेटीसारखा, आणि अगदी बारीक कपचीसुद्धा त्याच तिरकसपणाची! स्वच्छ तुकडा वहीच्या रेघेवर ठेवला तर एका रेघेच्या दोन दिसल्या, चुऱ्यावर लिंबू पिळलं तर बारीक बुडबुडे आले. कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज, दुसरं काही नाही.

तरी वजनही केलं. तुकडा १०८ ग्रॅमचा, मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणला आणि दगड दोऱ्याने पाण्यात बुडवला, तळाला न टेकवता, तर काटा ४० ग्रॅम दाखवतो. १०८ भागिले ४०, म्हणजे दगड तेवढ्याच पाण्याच्या २.७ पट जड. कॅल्साइटचं २.७१ आहे, पण गारगोटीचंही २.६५, म्हणून एकट्या वजनावर विसंबू नका.

आमचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, नंतर त्यात झिरपलेल्या पाण्यातून ही खनिजं जमली. त्याच पोकळीत मोत्यासारखी चमक असलेले, मधे आवळून दोन्हीकडे फुललेले पांढरे झुबकेही होते, लिंबाने काही फसफस नाही, ते स्टिलबाइट, झिओलाइट नावाच्या खनिजांच्या घराण्यातलं.

तुमच्याकडे असं काही निघालं तर घासूनपुसून साफ करू नका, थोडा काळा पाषाण चिकटलेला राहू द्या आणि किती फुटावर सापडलं ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.