भंडारदऱ्याला डॅमवरूनच परत फिरू नका

नाशिकहून भंडारदरा म्हटलं की आपली पब्लिक घोटी, बारी करत शेंडीला पोहोचते, विल्सन डॅमसमोर फोटो काढते, भजी खाते आणि गाडी वळवते. डॅम भारीच आहे हो, १९२६ सालचा, पण खरी मजा पाण्याला पूर्ण वळसा घालणाऱ्या रस्त्यावर आहे. शेंडी, मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी, सगळा राऊंड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून. नाक्यावर पावती फाडायची आणि पुढे गाडी सेकंड-थर्डमध्येच ठेवायची, कारण खड्डे आहेत आणि वळणावर म्हशी बसलेल्या असतात, त्या काही उठत नाहीत.

आम्ही सप्टेंबरच्या शेवटी गेलो, पाऊस ओसरलेला, भात निसवायला लागलेला, रस्त्याच्या कडेला सोनकी एवढी पिवळीधमक की दर दहा मिनिटांनी कोणीतरी "थांब थांब" करत होतं. घाटघरच्या कोकणकड्यावर मात्र वारा असा की गाडीचं दार उघडेना, खाली शहापूरकडचं कोकण, मधेच ढग वर येऊन सगळं पुसून टाकतात आणि दोन मिनिटांत परत अलंग-मदन-कुलंग हे तीन किल्ले समोर. इथेच तो घाटघरचा वीजप्रकल्प आहे, २५० मेगावॅटचा, विजेची मागणी असेल तेव्हा वरचं पाणी खाली सोडून वीज बनवायची आणि मागणी कमी झाली की तेच पाणी परत वर चढवायचं. आमच्या पोरांना हे धबधब्यांपेक्षा जास्त आवडलं.

साम्रदला एका घरी आधीच फोन करून जेवण सांगितलं होतं. चुलीवरची तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. जवळच्या सांदण दरीत, म्हणजे त्या अरुंद घळीत, पाणी असणार म्हणून उतरलो नाही, ओट्यावर बसून रतनगडाचा खुट्टा (गडाशेजारचा सुळका) बघत जेवलो. मावशींना म्हटलं काय मस्त धुकं आहे, तर म्हणाल्या, "हे कुठलं धुकं, जुलैत या मंग, समोरचं घर दिसत नाही."

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर चुकवू नका, खांबांवरचं कोरीवकाम निवांत बघा.

पेट्रोल घोटीतच भरा, पुढे रेंजचाही भरवसा नाही. आणि रविवारी गेलात तरी टेन्शन नाही, संध्याकाळी हायवेवर गर्दी असते ती मुंबईकडे जाणाऱ्यांची, आपण नाशिककर आरामात घरी.