पुढचं पिस्तूल कोणतं घ्यायचं? चार महिन्यांची नोंद

मागची नोंद दहा मीटर एअर पिस्तुलात ६०० पैकी ५३३ गुणांवर थांबली होती. त्यानंतर भेटेल तो एकच विचारत होता, आता पुढचं कोणतं घेणार? ठरायला जून ते सप्टेंबर असे चार महिने गेले. आपल्यातले बरेच जण याच जागी अडकलेत, म्हणून काय काय तपासलं ते सगळं लिहून ठेवतो.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. मी सांगलीत गावभागात राहतो, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो. दहा मीटर एअर पिस्तुलाचं हे चौथं वर्ष. हातात बायकलचं इझ-४६एम, .१७७ म्हणजे साडेचार मिलिमीटरचं, एका लिव्हरवर हवा भरणारं. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या माजघरात पाणी होतं आणि वडिलांची जुनी स्प्रिंगची एअर रायफल त्यात गेली. बायकल त्यानंतर आलं. सोप्याच्या उंबऱ्यापासून परसातल्या भिंतीपर्यंत सरळ रेषेत दहा मीटर चाळीस सेंटीमीटर भरतं. भिंतीला जाड पत्र्याची पेटी, आत दाबून भरलेल्या चिंध्या. सराव चालू असताना परसाचं दार बाहेरून कुलूपबंद आणि माजघराच्या चौकटीला लाल फडकं. ते फडकं दिसलं की घरातलं कुणी आत पाऊल टाकत नाही.

जून

वहीतले आकडे आधी देतो. ६० फैरींचे तीन सराव: ५३३, ५२९, ५३५. पहिल्याच्या दहा-दहाच्या सिरीज अशा: ९२, ९१, ९०, ९१, ८६, ८३. उरलेल्या दोन सरावांतही तोच नकाशा. चाळिसाव्या फैरीपर्यंत ठीक, नंतर घसरण. खालच्या बाजूला आठ आणि सात दिसायला लागतात.

पिस्तूल जुनं झालं, नळी गेली असेल, असं मनात येतंच. म्हणून आधी कुपवाड एमआयडीसीतल्या एका मित्राच्या शेडमध्ये गेलो. व्हाइसच्या जबड्यांना चामड्याचे तुकडे लावून पिस्तूल पकडलं, दहा मीटर मोजले आणि दोन प्रकारचे मॅचचे छर्रे पाच-पाच मारले. त्यातल्या बऱ्या छर्ऱ्यांचा गट, म्हणजे सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर, केंद्रापासून केंद्रापर्यंत सहा मिलिमीटर आला. पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं. म्हणजे पिस्तूल अजूनही प्रत्येक छर्रा दहात टाकतं आहे आणि बाकीचे गुण माझ्या हातातून जातायत.

ही चाचणी प्रत्येकानं करावी असं मला मनापासून वाटतं. अर्धा दिवस जातो, पण त्यानंतर पिस्तुलाबद्दल जो विचार होतो तो खरा होतो.

जुलै, लिव्हरचा प्रयोग

पिस्तूल चांगलं आहे, मग शेवटच्या वीस फैरींत काय होतं? बायकलला प्रत्येक फैरीआधी लिव्हर पूर्ण खाली ओढून परत दाबावा लागतो. सायटर, म्हणजे गुण न मोजता आधी मारायच्या फैरी, धरून ही कसरत ऐंशीच्या घरात जाते, आणि वजन तेराशे ग्रॅमच्या आसपास. डाव्या हातानं लिव्हर मारला तरी उजवा हात पिस्तूल आवळून धरतोच. नेम धरायचा तोच हात आधी झटापट करून येतो.

पुतण्या दहावीला आहे, रविवारी मोकळा असतो. त्याला शेजारी उभा केला. नळीचं तोंड कायम टार्गेटकडं, बोट ट्रिगरपासून लांब, एवढं त्याच्याकडून आठवडाभर घोटून घेतलं होतं. त्यानं लिव्हर मारून पिस्तूल टेबलावर ठेवायचं, छर्रा मी घालायचा, फैर मी झाडायची. असे तीन सराव केले: ५४३, ५४१, ५४५. शेवटच्या दोन सिरीज ९० आणि ८९ वगैरे. सरासरी दहा-अकरा गुणांचा फरक.

मी खूष होऊन वही सुभेदार काकांना दाखवली. काका मूळचे सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याचे, फौजेतून निवृत्त होऊन इकडं लेकीकडं राहतात. त्यांनी वही नीट वाचली आणि म्हणाले, "पोरगं लिव्हर मारतंय तोवर तू श्वास घेत बसतोस. गुण विश्रांतीनं वाढले का लिव्हरनं, हे तुला कुठं कळलंय?"

बरोबर होतं. सामन्यात ६० फैरींना ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे एका फैरीला ७५ सेकंद. मी पन्नास सेकंदांतच उरकत होतो. मग चौथा सराव केला. लिव्हर माझाच, पण मोबाईलवर घड्याळ लावून प्रत्येक फैरीला पूर्ण ७५ सेकंद. एकूण ५३६. दोन दिवसांनी पुन्हा, ५३४. विश्रांतीनं एखाद-दोन गुण दिले असतील, बाकीचे लिव्हर खातोय. काकांनी मान डोलावली आणि तिथंच ठरलं की पुढचं पिस्तूल आधीच दाबून भरलेल्या हवेच्या सिलिंडरचंच, म्हणजे पीसीपी.

लोक काय सांगत होते

स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला. तेव्हापासून पाहुण्यांत कुणीही भेटलं की म्हणतं, पॉइंट टू टू, म्हणजे काडतुसाची .२२ रायफल, घे की. मला तो प्रकार फार आवडतो. पण त्याला परवाना लागतो, काडतुसांचा हिशेब लागतो आणि ५० मीटरची रेंज लागते. रोज संध्याकाळी दुकान बंद करून आल्यावर मला चाळीस मिनिटं मिळतात, ती मी घरातच वापरू शकतो. शेतीवाले मित्र बारा बोर म्हणतात. पिकाच्या राखणीला त्यांना उपयोग असेल, मला नाही. शिवाय शस्त्र कायद्याच्या डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधारण परवान्यावर दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, तेव्हा ती जागा हौसेखातर भरू नये असं माझं मत.

एअर रायफलचा विचार मात्र खरोखर केला. रायफलचं दहाचं वर्तुळ अवघं अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, त्यातली शिस्त मला खेचते. पण जॅकेट, पँट, बूट, हातमोजा हा सगळा सरंजाम लागतो आणि रायफलच्या बरोबरीनं त्याचाही खर्च येतो. पिस्तुलाला माझा हात आणि सपाट तळव्याचे बूट पुरतात.

ऑगस्ट, हातात धरून पाहिलं

कोल्हापूरला दुधाळीच्या रेंजवर दोनदा गेलो. तिथल्या नेमबाजांनी आपापली पिस्तुलं मोकळ्या मनानं हातात दिली, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

हॅमर्ली एपी२० हलकं आहे, किंमतही यादीत सर्वांत कमी. माझा हात तेराशे ग्रॅमला सरावलेला, त्यामुळं फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची माशी, हवेत तरंगल्यासारखी वाटली. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं जरूर बघावं.

मोरिनी सीएम १६२ईआयचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर एकदा दाबला आणि पुढचा अर्धा तास मी दुसरं काही बोललो नाही. ट्रिगर कुठं सुटतो ते बोटाला कळतसुद्धा नाही. मन तिथंच बसलं होतं. पण आमच्या घरात जून ते ऑक्टोबर भिंतींना ओल असते, पुराची भीती असते, आणि आतलं सर्किट बिघडलं तर सांगली-मिरजेत ते उघडणारं माझ्या ओळखीत कुणी नाही. रेंजजवळ राहणाऱ्यानं बिनधास्त मोरिनी घ्यावं.

स्टायर एलपी१० पूर्ण यांत्रिक. आत झटका शोषणारा ॲब्सॉर्बर आहे, छर्रा सुटताना पिस्तूल जागचं हलत नाही. रिअर साइटच्या खाचेत फ्रंट साइट होती तशीच दिसत राहते, फैर झाल्यावरही. फॉलो-थ्रू, म्हणजे फैर सुटल्यावरही नेम तसाच धरून ठेवणं, काय असतं ते मला चार वर्षांनी डोळ्यांनी दिसलं. नव्याचा भाव माझ्या आवाक्यात नव्हता, तेव्हा वापरलेलं एलपी१० शोधायला लागलो.

सिलिंडरवरची तारीख

हा भाग सर्वांत नीट वाचा.

ऑगस्टच्या शेवटी एका शहरातून निरोप आला. एलपी१०, एक हात वापरलेलं, पंचाऐंशी हजार. फोटोत चकचकीत. मी रात्रीच्या गाडीनं गेलो. पिस्तूल खरंच चांगलं ठेवलं होतं, ट्रिगर स्वच्छ. सिलिंडर काढून हातात घेतला. त्याच्या अंगावर बारीक आकडे कोरलेले असतात, ते साध्या डोळ्यांना धड दिसत नव्हते. आमच्या गल्लीतल्या सोनारकाकांकडून भिंग मागून नेलं होतं. त्यातून पाहिलं तर महिना ०३, वर्ष २०१३.

एअर सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं. ती संपली की सामन्यात पिस्तूल चालत नाही, आणि मुदत बघायची जबाबदारी नेमबाजाची असते. पण माझ्या मनात नियमाआधी दुसरी गोष्ट होती. त्या नळकांड्यात २०० बार दाबाची हवा भरायची आणि ते चेहऱ्यापासून हातभर अंतरावर धरायचं. विकणाऱ्याला म्हटलं, नव्या सिलिंडरचे पैसे वजा करा. तो म्हणाला, आजवर कुणाला काही झालेलं नाही. मी चहा घेऊन परत निघालो. फोनवर त्यानं ही तारीख सांगितली असती तर दोन रात्रींचा प्रवास वाचला असता, याचं वाईट वाटलं. आता मी कुणालाही पहिला फोटो सिलिंडरवरच्या आकड्यांचाच मागायला सांगतो.

सप्टेंबर

पुण्यातल्या एका नेमबाजानं पंचवीस मीटर पिस्तूल प्रकाराकडं जायचं ठरवलं होतं. त्याचं एलपी१०, दोन सिलिंडर, दोन्ही २०२१ चे. एक लाख पाच हजार. त्याच्याकडं ट्रिगर तपासायचं वजन नव्हतं, मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून अर्ध्या किलोचं माप मागून आणलं. रिकाम्या पिस्तुलाचं तोंड वर करून ट्रिगरला दोरीनं माप टांगलं आणि सावकाश उचललं. उचललं गेलं, ट्रिगर सुटला नाही. नियमात ५०० ग्रॅम किमान लागतात. मूळ बिल, त्याच्या सहीचा विक्रीचा कागद, दोघांच्या आधारच्या प्रती, एवढं घेऊन घरी आलो. .१७७ ला परवाना लागत नाही, तरी कागद पिस्तुलाच्या पेटीतच ठेवलेत.

एकच अडचण होती. ग्रिप, म्हणजे मूठ, एल मापाची, माझा हात एम. तळव्याच्या मध्यात पोकळी राहायची.

मिरजेत सतारमेकर गल्लीत एक कारागीर आहेत, तंबोऱ्याचे भोपळे आणि दांड्या घडवतात. ते आधी म्हणाले, हे आमचं काम नाही. पिस्तूल घरीच होतं, मी नुसती लाकडी ग्रिप नेली होती. ती त्यांनी हातात फिरवली आणि म्हणाले, अक्रोड आहे, द्या इकडं. तळहात कुठं टेकतो ते कसं कळणार, असं त्यांनी विचारल्यावर मी खिशातली पुडी काढली. माझ्या धंद्यातली हळद. तळव्याला हळद चोळून ग्रिप धरली, सोडली. लाकडावर अंगठ्याच्या मुळाशी आणि करंगळीजवळ पिवळे डाग, मधे कोरं. कोऱ्या जागी त्यांनी लाकडाचा भुसा आणि सरस कालवून पातळ थर दिला. वाळल्यावर बारीक कानस. पुन्हा हळद, पुन्हा कानस. पाच वेळा. शेवटी सगळा तळवा ग्रिपवर सारखा पिवळा उमटला. खालचा पाम शेल्फ, म्हणजे तळहाताची कड टेकायची फळी, मी त्यांना वर वळवू दिला नाही, कारण ग्रिपशी त्याचा कोन नव्वद अंशांपेक्षा कमी चालत नाही. त्यांनी गुण्या लावून तपासून दिला. तंबोऱ्याच्या जव्हारीवर आयुष्य काढलेला माणूस, केसभर जास्त कधी गेलं ते त्याच्या बोटाला कळत होतं.

हवेबद्दल थोडं. मी हातपंपानं भरतो. दाबली की हवा तापते आणि तिच्यातली ओल पाणी होऊन सुटते, पावसाळ्यात तर जास्तच. दर थोड्या स्ट्रोकनंतर थांबतो, पंप निवू देतो, ब्लीडच्या झडपेतून पाणी सोडतो, आणि पावसाचे दिवस असतील तर भरणं टाळतो. कोल्हापूरला गेलो की दोन्ही सिलिंडर तिथंच भरून आणतो.

२८ सप्टेंबर

नव्या ग्रिपवरचा पहिला पूर्ण सराव, लिव्हर नाही, मदतनीस नाही: ८९, ९१, ९०, ९१, ९०, ९०. एकूण ५४१. पहिली सिरीज ट्रिगरच्या सवयीत गेली. शेवटच्या वीस फैरींत सात एकही नाही.

साइट अजून दोन क्लिक डावीकडं हवी. दिवाळीनंतर जिल्हा स्पर्धा आहे, तोवर रोज वीस मिनिटं कोऱ्या भिंतीवर ड्राय फायर, म्हणजे छर्रा न घालता नुसता ट्रिगरचा सराव, आणि आठवड्यात दोनच पूर्ण सराव.

बायकल विकलेलं नाही. जुलैतल्या सरावांत त्याचा लिव्हर मारून पुतण्याच्या हाताला ते बसलंय, आणि काल त्यानं विचारलं, "काका, आता मी मारू का एक सिरीज?" लाल फडकं लावलं आणि मी टेबलामागं उभा राहिलो. त्याची पहिली सिरीज ७१.