जॅक्स रिफ अपडेट: फ्लॅम गेला, आता स्नेअर छळतोय

अखेर किक (मोठ्या ड्रमचा खोल ठोका) एकच ऐकू येतेय! मागच्या पोस्टमध्ये जिच्या नावाने बोटं मोडली होती, ती दुहेरी धडधड काल रात्री गेली.

बेसमेंट जॅक्सचं 'व्हेअर्स युअर हेड अ‍ॅट' (२००१, 'रूटी') उसवून पुन्हा शिवायचं काम अजून चालूच आहे. त्यातला रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारी सुरावट, गायक गॅरी न्यूमनच्या 'एम.ई.' गाण्यातून उचललेला (सॅम्पल), अल्बम १९७९चा 'द प्लेझर प्रिन्सिपल'. मीही तोच घेऊन त्यावर माझी किक टाकतोय. त्या अल्बमवर गिटार औषधालाही नाही, नुसता सिंथचा गुरगुराट. पण ड्रम मात्र सेड्रिक शार्पलीने हाताने वाजवलेले, आणि हाताची किक ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या काटेकोर ठोक्यांच्या रेघांवर कशाला बसेल? माझी ठोक्यावर, त्याची काही मिलिसेकंद मागे, की झालाच फ्लॅम, म्हणजे तीच दुहेरी धडधड. १५० हर्ट्‌झला लो कट लावला (त्याखालचा आवाज कापला) तर त्याची किक जाते, पण रिफचं बूडही जातं. एबलटन सॉफ्टवेअरच्या 'कॉम्प्लेक्स प्रो' मोडने वेळेत ताणलं तर सिंथच्या कडा बोथट. गाण्यातली वाद्यं वेगळी करणाऱ्या एआय स्टेम स्प्लिटरचं तर नावच नको! ड्रम काढतो आणि बदल्यात पाण्याखालची बुडबुड देतो. लोक त्याला एवढं डोक्यावर का घेतात कोण जाणे.

शेवटी वार्पचा (ताणण्याचा) मोड बदलून री-पिच लावलं, त्यात वेग आणि सूर एकत्रच बदलतात. एक सेमिटोन (अर्धा स्वर) चढवला की वेग साधारण सहा टक्के वाढतो, तेव्हा सूर धरून ठेवला आणि प्रोजेक्टचा टेम्पोच हलवला. मग रिफ शार्पलीच्या किकवरच कापला आणि एकेक स्लाइस (तुकडा) ग्रिडवर आणला. फ्लॅम गेला, पण आवाज फुसका! दोन्ही किक एकमेकींना खात होत्या. माझ्या किकची पोलॅरिटी, म्हणजे ध्वनिलहरीची वर-खाली दिशा, उलटवली मात्र, खिडकीची काच थरथरली. दोन्ही एकाच डिस्टॉर्शनमधून काढल्यावर तर जुनं-नवं वेगळं ओळखू येईना. बेसमेंट जॅक्सच्या बक्स्टन आणि रॅटक्लिफ यांची खरी गंमत हीच वाटते मला: सॅम्पलचा खरखरीतपणा त्यांनी घासूनपुसून काढला नाही.

(सॅम्पल सीडीवरूनच घेतलंय. 'मिंट' (नव्यासारखी) म्हणून विकलेली एलपी वाकडी निघाली, सूर डुलतो. ऑनलाइन ग्रेडिंगवर विश्वास शून्य.)

यानंतर न्यूमनच्याच 'टेलेकॉन' अल्बममधलं (१९८०) 'दिस रेकेज' घेणार होतो, जॅक्सनी तेही याच गाण्यात वापरलंय. पण स्लाइस सरकवल्यामुळे स्नेअरची (कडक वाजणाऱ्या ड्रमची) विरत जाणारी शेपटी मध्येच तुटते आणि टिक्‌ वाजतं. फेड दिला (आवाज हळूहळू चढवला-उतरवला) तर ठोकाच मऊ पडतो. लिहिता लिहिता सुचलं, तुटतं नेमकं तिथेच क्लॅप (टाळीचा आवाज) टाकला तर? 'टेलेकॉन' थांबेल. ९०९ ड्रम मशीनचा क्लॅप नको, तो ज्याच्या त्याच्या ट्रॅकमध्ये असतो. उद्या बाथरूममध्ये माइक लावून स्वतःच टाळ्या पिटतो.