नऊ अक्षरी दऱ्याप्पा, दहा अक्षरी दऱ्याप्पा

सकाळी साडेनऊला मी कारखान्याच्या शेती विभागात पोचले, तर बाकावर एक वयस्कर शेतकरी बसलेले. मांडीवर खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. शेती अधिकाऱ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं, तसे ते उठून आले.

"पोरी, यादी तू केलीस न्हवं? माझा ऊस निम्माच कसा गं लागला?"

यादी मीच केली होती. उसाच्या बिलातून टनामागं कापलेल्या परतीच्या ठेवी सभासदांना द्यायच्या होत्या आणि त्यासाठी बारा हंगामांच्या वजनकाट्याच्या पावत्या एकत्र करायच्या होत्या. नऊ लाखांवर पावत्या. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली, त्यानंतर कारखान्यानं जुन्या संगणकांतला सगळा माल सीएसव्ही फायली (स्वल्पविरामानं रकाने वेगळे केलेल्या साध्या फायली) करून अॅमेझॉनच्या एसथ्री या ऑनलाइन साठवणीत, मुंबई रीजनमध्ये ठेवला होता. माझं काम तो तिथून उचलून पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये भरायचं.

एकेक ओळ इन्सर्ट करत बसले असते तर विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसातून मुंबईपर्यंत नऊ लाख हेलपाटे झाले असते. म्हणून आरडीएसचं, म्हणजे त्याच कंपनीच्या डेटाबेस सेवेचं, एडब्ल्यूएस-एसथ्री एक्स्टेन्शन वापरलं. त्यात फाईल माझ्या लॅपटॉपवर येतच नाही. डेटाबेस स्वतः बकेटमधून, म्हणजे एसथ्रीतल्या त्या साठ्यातून, वाचतो आणि आत सगळ्या ओळी एका दमात भरणारी कॉपी कमांड चालवतो. परवानगीचा रोल जोडण्यात एक दुपार गेली, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एका हाकेला एकच फाईल घेतो, म्हणून फायलींच्या नावांवर लूप फिरवला. मिनिटभरात हंगाम आत.

पहिल्याच दिवशी कॉपी अडली होती. वजनाचा रकाना न्यूमरिक, म्हणजे फक्त संख्या घेणारा, ठेवला होता आणि एका जुन्या फाईलमध्ये कुणी काट्यावर "१८.४२०" असं देवनागरीत लिहिलेलं. पोस्टग्रेसला हे आकडे संख्या म्हणून कळत नाहीत. कॉपीचा नियम कडक आहे: एक ओळ चुकली की अख्खी फाईल परत, पण ओळीचा नंबर मात्र अचूक सांगते. आमच्यातला एक जण म्हणाला, "ताई, पोस्टग्रेसच्या सतरा व्हर्जनपासून चुकीच्या ओळी सोडून द्यायची सोय आलीय." मी नाही म्हटलं. त्या ओळीत जवळजवळ साडेअठरा टन ऊस आहे. कुणीतरी पहाटे थंडीत तोडलेला, ट्रॉलीत भरलेला. तो सोडून कसा द्यायचा? मग सगळे रकाने टेक्स्ट असलेलं कच्चं टेबल केलं. खाते नंबरांच्या पुढची शून्यंही त्यामुळं वाचली. आधी जसंच्या तसं भरायचं, मग आत तपासून पक्क्या टेबलात न्यायचं. देवनागरी आकडे ट्रान्सलेट फंक्शननं इंग्रजी आकड्यांत बदलले. फायलींतल्या ओळी आणि टेबलातल्या ओळी जुळल्या, एकूण टनेजही जुळलं. मी निर्धास्त झाले होते.

आणि आता समोर हे पिशवीवाले आण्णा उभे.

मी लॅपटॉप उघडला आणि त्यांचं नाव विचारलं. "दऱ्याप्पा." मिरज, जत, कवठेमहांकाळ भागात हे नाव गावोगाव सापडतं. शोधलं तर एक खातं मिळालं, सात हंगामांचं. उरलेले पाच गेले कुठं? गावाच्या नावानं शोधलं, तेव्हा खाली दुसरे दऱ्याप्पा दिसले. तेच गाव, तेच वडील, तेच आडनाव. मधल्या काळात सभासदांचे कोड बदलले होते, म्हणून जुने हंगाम मी नाव-गावावरून जोडले होते. पण ही दोन नावं डेटाबेसला एक वाटली नव्हती.

डोळ्यांना काडीचा फरक नाही. पुढंमागं स्पेस असेल म्हणून ट्रिम केलं. तसंच. मग लांबी मोजली (संगणक काना, हलन्तही वेगळं अक्षर धरतो): एक नऊ, दुसरं दहा.

मी दोन्हींतली अक्षरं सुटी करून छापली. पहिल्यात द, मग ऱ, हलन्त, य. दुसऱ्यात द, साधा र, हलन्त, मग कधीच न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं कशी जोडून दाखवायची एवढंच सांगणारं चिन्ह), आणि मग य. "ऱ्या" लिहायच्या या दोन्ही रीती युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरांना नंबर देण्याच्या पद्धतीत, चालतात. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून ऱ मारणारा एक लिपिक, दुसऱ्या पद्धतीनं टाइप करणारा दुसरा. दोघांचंही बरोबरच होतं. एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या रीती सारख्या करणारं नॉर्मलाइझ फंक्शन चालवून पाहिलं, पण ते या जॉइनरला हात लावत नाही. नुसता जॉइनर पुसून टाकावा, तर "दऱ्याप्पा"चा "दर्याप्पा" होतो. आचारी आणि आचार्य यांची गल्लत व्हावी तसं. म्हणून र, हलन्त, जॉइनर असा तिघांचा गट शोधून त्या जागी ऱ आणि हलन्त घातला. सगळ्या नावांत, सगळ्या गावांत.

पुन्हा जोडणी चालवली. आणखी एकतीस खाती एकमेकांना मिळाली. त्यांतलं कुणीच अजून विचारायला आलेलं नव्हतं. मी ती नावं एकेक करून वाचली.

आण्णांनी तोवर पिशवी उलटी केली होती. हंगामवार दोऱ्यानं बांधलेल्या पावत्यांचे गठ्ठे. ते पावती वाचायचे, मी पडद्यावर शोधायची. "बारा टन तीनशे." "आहे." "चौदा टन शंभर." "आहे, आण्णा." शेती अधिकारीही खुर्ची ओढून बसले. पावत्या संपल्या, तरी माझ्याकडं तीन ओळी उरल्या. खोडव्याचा ऊस, फेब्रुवारीतला.

"या तुमच्याकडं नाहीत," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून पडद्यावरची तारीख दोनदा वाचली. "त्या पुरात गेल्या. खालच्या घरात होत्या." मग तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो नदीकडंचा तुकडा. ऊस माझाच हाय."