चिंगी सॅकमध्ये शिरली!

चिंगी आणि गोट्या हे आमचे दोन कॉकॅटिल, म्हणजे तुरेवाले छोटे पोपट. आज चिंगी आपणहून सॅकमध्ये शिरली. पारदर्शक खिडकी आणि आत लाकडी दांडी असलेली ती पाठीवरची सॅक बरेच दिवस पिंजऱ्याशेजारी नुसती उघडी पडून होती. सुरुवातीला ती जवळ सरकवली की दोन्ही कॉकॅटिल तुरा मागे चिकटवून फिसकारायचे. मग राळ्याचं कणीस आधी बाहेर, मग तोंडाशी आणि आज आत दांडीला अडकवलं. राळ्यापुढे यांचं काही चालत नाही. चिंगीने आधी चेन चावून पाहिली, मान वाकडी करून आत डोकावली आणि टुणकन दांडीवर! गोट्या मात्र पाय बाहेर ठेवून, मान लांबवून दाणे टिपत होता. महा बेरकी.

हाताने कोंबायचं नाही, असं घरात सगळ्यांना बजावलंय. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल (छातीखालचा श्वासाचा स्नायू) नसतं. छाती हलली तरच श्वास. मुठीत आवळलं की संपलंच.

संध्याकाळी चिंगीला पाठीवर घेऊन जिन्यापर्यंत चक्कर मारली. दुपारी नाहीच, उन्हात त्या खिडकीमागे भट्टी होते. पाण्याची वाटी हिंदकळते म्हणून आत काकडीची फोड ठेवली. शेजारचे काका म्हणाले, "त्यापेक्षा साधा पोपट पाळायचा!" काका, आपला देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, ही मंडळी मूळची ऑस्ट्रेलियाची.

आता लिफ्ट, मग रिक्षा. गोट्याला पटवायची कुणाकडे युक्ती असेल तर सांगा.