पळसाचा केशरी, घामाचा पिवळा: वसंतातल्या कुर्त्यांची पुढची नोंद

मागच्या नोंदीत पळसाच्या फुलांनी रंगवलेल्या ज्या केशरी कुर्त्याचे कौतुक करून मी थांबले होते, त्याच्या गळपट्टीवर आणि दोन्ही मुंढ्यांखाली पिवळे पट्टे उमटले आहेत. जाऊबाईंनी हरभऱ्याच्या काढणीत तो शेतात नेमाने वापरला, आणि जिथे जिथे घाम मुरला तिथे तिथे केशरी रंग सरळ पिवळ्यावर उतरला. मानेमागे, वेणी जिथे टेकते तिथे, चार बोटे रुंदीचा लिंबासारखा पिवळा पट्टा आहे आणि त्याची कड पाण्याच्या ओघळासारखी वेडीवाकडी आहे. पाठ, घेर आणि बाह्यांची टोके मात्र अजून रंगाच्या पातेल्यातून काढल्यासारखी केशरी आहेत. रंग कच्चा असता तर उन्हात आणि धुण्यात तो सगळीकडे सारखाच विटला असता. येथे तो जागा पाहून बदलला आहे, म्हणून या वेळची बहुतेक जागा या एकाच प्रश्नाला देत आहे.

पट्ट्याच्या शेजारच्या केशरी भागावर लिंबाचा एक थेंब टाकून पाहिला, तेव्हा तेथे तसाच पिवळा ठिपका उमटला. मग खुद्द पिवळ्या पट्ट्यावर चुन्याची निवळी कापसाच्या बोळ्याने लावली, आणि पाहता पाहता केशरी परत आला. पळसाच्या फुलातले रंगद्रव्य क्षारात केशरी आणि आम्लात पिवळे होते हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. होळीच्या रंगात चिमूटभर चुना टाकून तो गडद करण्याची पद्धत त्यावरच उभी आहे. घाम सौम्य आम्लधर्मी असतो, त्यामुळे तो कापडात मुरला की चुन्याने केलेले काम उलटते. सासूबाईंनी कुर्ता हातात घेतला आणि म्हणाल्या, “पयसाचा रंग होळीपुरता असते बाप्पा.” त्यांचे म्हणणे खरे आहे, पण मला तो निदान अक्षय्य तृतीयेपर्यंत हवा आहे.

आता गंमत अशी की या कुर्त्याच्या रंगात मी चुना घातलाच नव्हता. केशरीपणा आला तो आमच्या बोअरच्या पाण्यातून. वर्धा जिल्ह्यात आमच्या भागातले पाणी इतके जड आहे की चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर धरतो. असे पाणी उकळले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, थर तळाशी बसतो आणि उरलेले पाणी आणखी क्षारधर्मी होते. फुले तासभर उकळत ठेवली की पिवळा अर्क आपोआप केशरीकडे झुकतो. याची खात्री करण्यासाठी त्याच वजनाची फुले गावातल्या आरओच्या कॅनमधील पाण्यात उकळली, तर स्वच्छ, उजळ, हळदीपेक्षा किंचित थंड असा पिवळा रंग मिळाला. त्या पिवळ्या तुकड्यावर लिंबाचा परिणाम जवळजवळ होत नाही, कारण तो आधीच रंगाच्या त्या टोकाला पोचलेला आहे. धुताना साबणाचा क्षार मात्र त्याला ढवळतो. रिठ्याचे पाणी सौम्य आम्लधर्मी असल्याने त्यात तो निवांत राहतो. टिकणारा पळस हवा असेल तर पिवळा पळस घ्यावा आणि रिठ्याने धुवावा, एवढे आता निश्चित झाले.

पण खरा पेच येथूनच सुरू होतो, कारण तो पिवळा रंग जाऊबाईंना खुलत नाही. त्यांचा वर्ण सावळा, तांबूस झाक असलेला आहे. केशरी कुर्त्यात त्यांच्या चेहऱ्यावर तेज दिसत होते, आणि या पिवळ्यात त्या आजारातून उठल्यासारख्या दिसल्या. हे त्यांना तोंडावर सांगणे मला जड गेले; पण आरशात पाहून त्यांनी स्वतःच मान हलवली.

रंग लावून पाहण्याची माझी पद्धत नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. घरातल्या बल्बखाली कधीही ठरवू नये. सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास अंगणात, पण सावलीत, केस मागे बांधून आणि आधीचा रंग दिसू नये म्हणून खांद्यावर पांढरा पंचा टाकून, एकेक रंगीत तुकडा हनुवटीखाली धरावा. कापडाकडे न पाहता डोळ्यांखालची कडा, ओठांचा रंग आणि हनुवटीची खालची बाजू पाहावी. रंग मानवत असेल तर डोळ्यांखालचा काळसरपणा मावळतो. मानवत नसेल तर आधी कापड नजरेत भरते आणि चेहरा मागाहून. हीच परीक्षा नंतर बाराच्या उन्हात पुन्हा घ्यावी, कारण आपल्याकडे वसंत उन्हातच घालवायचा असतो.

या दोन परीक्षांचे निकाल नेहमी जुळत नाहीत, आणि त्याचे कारण मला या खेपेस नीट उमगले. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली मांडलेल्या नियमानुसार शेजारशेजारचे दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतात; पिवळ्या कापडाशेजारची त्वचा त्यामुळे थोडी जांभळट भासावी. शेव्रल पॅरिसच्या गोबलाँ विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता, म्हणजे आपल्याच पंगतीतला माणूस. सावलीत हा नियम बरोबर उतरतो. पण भर उन्हात छातीवरचे कापड इतके उजळते की त्याचा रंग परावर्तित होऊन हनुवटीच्या आणि गालांच्या खालच्या बाजूवर पडतो, आणि तो परिणाम शेजारच्या फरकापेक्षा जोरकस ठरतो. जाऊबाईंच्या हनुवटीखाली दुपारी जी कावीळ झाल्यासारखी छटा दिसत होती, ती कापडावरून आलेला उजेड होता. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी लिहिलेले रंगांचे सल्ले आपल्या अंगणात फसतात त्यामागे हे एक मोठे कारण असावे, असे माझे मत आहे; मार्चच्या अखेरीस जेथे पारा चाळिशीला भिडतो, तेथे गळ्याजवळची वीतभर जागा सगळा निकाल लावते.

म्हणजे टिकणारा रंग खुलत नाही आणि खुलणारा टिकत नाही. आठवडाभर मी याच कोड्यात होते. कांद्याच्या सालींचा थर देऊन पाहिला, तर सोनेरी छटा आली. पण हनुवटीखालचा पिवळेपणा हलला नाही. डाळिंबाच्या सालीने रंग मळकट झाला. झेंडू तर पिवळ्यावर पिवळाच.

अखेर उत्तर मंजिष्ठेने, म्हणजे तांबडा रंग देणाऱ्या वेलीच्या मुळ्यांनी, दिले. आरओच्या पाण्यात पळसाने पिवळे केलेले कापड वाळवून मंजिष्ठेच्या पातळ अर्कात घातले, आणि पिवळ्यावर तांबूस थर चढून जो केशरी मिळाला तो चुन्याच्या केशरीपेक्षा मऊ, थोडा पिकल्या पपईच्या गराकडे झुकणारा आहे. त्यावर लिंबाचा थेंब टाकल्यावर ठिपका उमटला, पण फिका. तीन हात लांबून तो दिसत नाही. येथे केशरीपणा पळसावर अवलंबून राहिलेला नाही, तांबूस भाग स्वतंत्रपणे मंजिष्ठेचा आहे. पळस उन्हात हळूहळू विटतोच, तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी कुर्ता गुलाबीकडे सरकेल असा माझा अंदाज आहे, आणि ते जाऊबाईंच्या वर्णाला चालण्यासारखे आहे. विशेष आनंद याचा की मंजिष्ठेला पाण्यातला चुना मानवतो. ज्या बोअरच्या पाण्याने पळसाचा घोटाळा केला, तेच मंजिष्ठेचा रंग भरदार करते, त्यामुळे आरओचा कॅन फक्त पहिल्या रंगापुरता विकत घ्यावा लागतो.

एक किलो कोरड्या कापडाचे प्रमाण असे. खळ काढण्यासाठी कापड सोडा आणि रिठ्यात तासभर उकळून, धुऊन घेतले. मग २०० ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात, त्यात कापड रात्रभर. पिळून, न धुता, सावलीत वाळवले. नंतर १५० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात धुण्याचा सोडा चिमटीचिमटीने, फेस बसू देत देत घातला, आणि त्यात कापड पुन्हा रात्रभर. तुरटी नुसती सुती धाग्याला धरत नाही, हिरड्यातले टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, तिला धरून ठेवते, म्हणून हा क्रम बदलू नये. पळसाची वाळलेली फुले कापडाच्या वजनाइतकी घेतली. त्यांचे काळपट मखमली देठ खुडून टाकले, कारण त्यांनी रंग काळवंडतो. मंजिष्ठा फक्त ८० ग्रॅम, रात्रभर भिजवून, उकळी न येऊ देता मंद आचेवर. भांडे स्टीलचेच हवे. हिरड्याच्या कापडाला लोखंड लागले की करडा डाग पडतो.

मंजिष्ठा पूड स्वरूपात घेऊ नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पुडीत काय मिसळले आहे ते डोळ्यांना कळत नाही. नागपूरच्या इतवारीत काष्ठौषधींच्या दुकानांत काड्या आणि मुळ्या सुट्या मिळतात. मोडून पाहिली तर आत लालसर गाभा दिसतो. घरी खलबत्त्यात भरड करावी.

कापडाबद्दल एक तक्रार नोंदवणे भाग आहे. तालुक्याच्या बाजारातल्या एका दुकानाने शुद्ध सुती म्हणून दिलेले पांढरे कापड हिरड्यापासूनच रुसले आणि पळसात तर ठिपक्याठिपक्यांनी रंगले. धागा काढून जाळला, तेव्हा कागदासारखा वास आला खरा, पण राखेऐवजी टोकाला कडक काळा मणी उरला. म्हणजे त्यात पॉलिस्टर मिसळलेले होते. आपल्या जिल्ह्यात शिवारभर कापसाची पऱ्हाटी उभी असताना निखळ सुती कापडासाठी वणवण करावी लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते. वर्ध्याचे मगन संग्रहालय १९३८ पासून उभे आहे आणि तिथे खादीवर वनस्पतींच्या रंगांचे काम आजही चालते. ज्यांना पहिल्यांदाच कापड निवडायचे आहे त्यांनी तिथले नमुने हाताने चाचपून पाहावेत. वसंतासाठी मला चौरस मीटरला १०० ते १२० ग्रॅम वजनाची सैल विणीची खादी सर्वांत योग्य वाटते. पहाटेच्या गारव्यात ती अंगाला बरी वाटते आणि दुपारी वारा आत येऊ देते. मलमल अधिक गार असते, परंतु तिला अस्तर लागते, आणि अस्तर लावले की गारवा गेला. मांजरपाट शेतकामाला टिकाऊ आहे; पण घामाने ओला झाला की पाठीला चिकटून राहतो.

बेतण्यातही एक बदल केला. मुंढा नेहमीपेक्षा दीड इंच खोल न करता तो उंचच ठेवला आणि बगलेत चौकोनी तुकडा बसवला. खोल मुंढ्याने हात वर करताच अख्खा कुर्ता वर ओढला जातो. चौकोनी तुकड्याने हात मोकळा फिरतो आणि घेर जागेवर राहतो. हा तुकडा न रंगवलेल्या खादीचा आहे, त्यामुळे घामाने रंग बदलण्याचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. शिवणीतली माया आत दुमडून दुहेरी टीप घातली आहे, कारण ओव्हरलॉकचा कृत्रिम दोरा बगलेत टोचतो आणि दिवसभर कडबा उचलणाऱ्या बाईला ते टोचणे काय असते ते मी पाहिले आहे.

हे लिहीत असतानाच एक विचार सुचला आणि पुढचा बेत बदलला आहे. निकाल जर गळ्याजवळची वीतभर जागाच लावत असेल, तर अख्खा कुर्ता दोनदा कशाला रंगवायचा? खांद्यापासून छातीपर्यंतचा तुकडा आणि गळ्याची उरेब पट्टी तेवढी मंजिष्ठेत गडद करावी आणि खालचा घेर निव्वळ पळसाचा पिवळा ठेवावा. पिवळा चेहऱ्यापासून हातभर दूर गेला की त्याचा उजेड हनुवटीपर्यंत पोचणार नाही, मंजिष्ठा आधीच्या जेमतेम पाव हिस्सा लागेल आणि रंग विटले तरी दोन्ही भाग आपापल्या चालीने विटतील. जाऊबाईंच्या पुढच्या कुर्त्याचे दोन भाग जुळवून शिवणार होते ते आता या पद्धतीने वेगवेगळे रंगवीन. दुपट्ट्याचाही विचार त्याच अनुषंगाने बदलला. उन्हात तो तोंडाभोवती बांधला जातो, म्हणजे चेहऱ्याला सर्वांत जवळचे कापड तेच, तेव्हा पिवळा दुपट्टा रद्द.

सासूबाईंच्या ब्लाउजसाठी वेगळे काम झाले आणि ते पहिल्याच फटक्यात साधले. त्यांचे केस पांढरे झाले आहेत आणि वर्ण गव्हाळ आहे. त्यांना केशरी नको, मळखाऊ हवे. पळसाच्या पिवळ्या तुकड्याला गंजलेले खिळे भिजवलेले पाणी अगदी थोडे दाखवले आणि शेवाळी हिरवा मिळाला, जो त्यांच्या मातकट लुगड्याशी इतका शोभला की त्यांनी तो लगेच शिवायला दिला. लोखंडाचे पाणी जपून वापरावे. जास्त झाले तर सुती धागा कालांतराने कमजोर होतो.

आता घाई आहे ती फुलांची. आमच्या बांधावरच्या पळसांना शेंगा धरू लागल्या आहेत आणि झाडाखालचा सडा रोज विरळ होत आहे. येत्या रविवारी नदीकाठच्या पळसांखालची फुले गोळा करून सावलीत वाळवीन. छातीचा मंजिष्ठेचा तुकडा आणि पळसाचा घेर शिवून झाला की जाऊबाई तो मोहफुले वेचायला नेणार आहेत. मोहाच्या दिवसांत भल्या पहाटे निघून अकराच्या उन्हात परतावे लागते, त्यामुळे सावली, ऊन आणि घाम या तिन्ही परीक्षा एकाच सकाळी होतील. ज्यांनी मंजिष्ठा भंडाऱ्याच्या टसरवर चढवून पाहिली आहे त्यांनी प्रमाण अवश्य कळवावे, कारण रेशमी धाग्याला हिरड्याची गरज नाही आणि तुरटीही कमी लागते. त्यावर पळस कसा बसतो, हे मला या हंगामातली फुले संपण्याआधी पाहायचे आहे.