लोअर सर्किटची रांग : माझा अनुभव

ऑपरेटरने (संगनमताने भाव खेळवणाऱ्याने) चढवलेला स्मॉलकॅप, म्हणजे छोट्या कंपनीचा शेअर, घ्यायला दोन मिनिटं लागतात. त्यातले 400 शेअर विकायला मला सहा दिवस लागले, आणि पाच टक्क्यांची सहा लोअर सर्किटं (भाव एका दिवसात किती पडू शकतो त्याची एक्स्चेंजने ठरवलेली मर्यादा) म्हणजे 100 रुपयांचे साधारण 73.50. सांगलीत अजून बरेच जण अशा रांगेत अडकलेत, म्हणून लिहितोय.

लोअर सर्किट लागलं की स्क्रीनवर खरेदीच्या पाचही ओळींत शून्य दिसतं. विक्रीला एकाच भावाला तीन लाख शेअर उभे, आणि दिवसभरात सुटतात जेमतेम आठ-दहा हजार. मार्केट यार्डात हळदीची पोती लागावीत आणि सौद्याला एकही व्यापारी येऊ नये, तसं.

सगळ्यांचा भाव एकच, त्यामुळे नंबर वेळेवर लागतो. प्री-ओपन (बाजार उघडण्याआधी ऑर्डर घेण्याची वेळ) सकाळी 9 ला सुरू होतं आणि 9.07 ते 9.08 दरम्यान कधीही बंद होतं. 9.15 ला बाजार उघडल्यावर ऑर्डर टाकणारा त्या दिवसापुरता संपला. म्हणून आदल्या रात्रीच एएमओ (बाजार बंद असताना लावायची ऑर्डर) लावायची, तीही लिमिट ऑर्डर (आपण भाव ठरवून दिलेली), कारण प्री-ओपनच्या जुळणीत मार्केट ऑर्डरचा (मिळेल त्या भावाच्या) नंबर लिमिटच्या मागे असतो. भाव नव्या लोअर सर्किटचाच हवा. मी पहिले दोन दिवस आदल्या दिवशीच्या बंद भावाला लावली. बाकी सगळे पाच टक्के खाली, म्हणजे मी पार शेवटी. एकदा लावलेल्या ऑर्डरचा भाव बदलला किंवा संख्या वाढवली की नंबर जातो. संख्या कमी केली तर टिकतो. संध्याकाळी ऑर्डर रद्द होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. हा रोजचा प्रकार फार छळतो.

दोन्ही एक्स्चेंजची रांग बघा. एनएसईवर लाखांची असताना बीएसईवर पंधरा हजारांची होती, माझे शेअर तिथेच सुटले.

टीपिनचं (डीमॅटमधले शेअर विकायला मंजुरी देण्याचा पिन) राहिलंच. डीडीपीआय (विकलेले शेअर डीमॅटमधून काढायची ब्रोकरला दिलेली कायमची परवानगी) दिलेलं नसेल तर 9 च्या आत टीपिन आणि ओटीपी उरकून घ्या, नाहीतर ऑर्डर अडकते.

घेण्याआधी काय बघायचं? टेलिग्रामची टिप आणि यूट्यूबचा व्हिडिओ बघायचा नाही. साधना ब्रॉडकास्टच्या प्रकरणात सेबीने मार्च 2023 च्या अंतरिम आदेशात हेच मांडलं: व्हिडिओंनी लोक ओढले आणि चढत्या भावात आतल्यांनी माल काढला. त्यापेक्षा एक्स्चेंजवर रोज येणारे बल्क डील वाचा (कंपनीच्या 0.5 टक्क्यांहून मोठे सौदे). भाव चढतोय आणि मोठी नावं विकतायत, तर माल तुमच्या गळ्यात मारला जातोय. प्रवर्तकांचे गहाण शेअर तिमाही शेअरहोल्डिंगमध्ये दिसतात. शेअर एएसएम, जीएसएम (एक्स्चेंजच्या जादा देखरेखीच्या याद्या) किंवा बीई सिरीजमध्ये (यात त्याच दिवशी घेऊन विकता येत नाही) असेल तर मी हातच लावत नाही.

ऑपरेटरला लाखो शेअर खपवायचे असतात, आपल्याला काहीशे. आपलं बळ एवढंच, ते जपा. मी वीस दिवसांच्या सरासरी डिलिव्हरीच्या (त्याच दिवशी परत न विकता खात्यात गेलेले शेअर) एक टक्क्याहून जास्त माल आता घेत नाही. डिलिव्हरीचा आकडा एनएसईच्या साइटवर रोज संध्याकाळी मिळतो.